दोष सांगणें आणि ऐकणें

हाताखालीं चार माणसें आलीं कीं त्यांचे दोष दाखविण्याचें कामहि ओघानेंच येतें. हें काम टाळणारा व्यवस्थापक सज्जन म्हणून नांवाजला जातो, आणि तें आवडीनें करणारा करडा म्हणून. परंतु नुकसान दोघांच्याहि हातून होतें. जो स्वतःस ख्रिस्ताचा अनुयायी म्हणवितो त्याची अडचण तर दुहेरी. एकीकडे क्षमेची आज्ञा, दुसरीकडे सोंपविलेल्या कामाचा चोख हिशेब देण्याची जबाबदारी. या दोहोंचा मेळ कसा घालावा?

मत्तयाच्या शुभवर्तमानांत, १८ व्या अध्यायांत, याचा क्रम घालून दिलेला आहे. अपराध करणाऱ्या बंधूस प्रथम एकांतांत गांठावें. न ऐकल्यास एकदोघांस बरोबर न्यावें. तेंहि निष्फळ झाल्यास मगच गोष्ट मंडळीपुढें मांडावी. कचेरींत बहुधा याच्या उलट चालतें: ज्याचा दोष, त्याच्या कानीं तो सर्वांच्या शेवटीं पडतो.

आम्हीहि या चुकींतून सुटलों नाहीं. एका संस्थेचा कारभार आमच्याकडे असतां एका कारकुनाची चुकलेली बेरीज आम्हीं सर्वांदेखत वाचून दाखविली. चूक खरी होती. पण त्या दिवसापासून त्यानें चुका करणें सोडलें नाहीं. आमच्यापाशीं त्या कबूल करणें मात्र सोडलें. वर्षअखेरीस जी मोठी तूट उघडकीस आली, ती त्यास दोन महिने आधींच ठाऊक होती. आतां ही तूट कोणाच्या नांवें मांडावी?

सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्टानें मठवासीयांसाठीं जे नियम लिहिले, त्यांत मठाधिपतीस बजावलें आहे कीं, दोषांचा तिटकारा करावा, पण बंधूंवर प्रेम करावें. गंज काढण्याच्या नादांत भांडेंच फुटूं देऊं नये. आम्हांस गंज तेवढा दिसला होता.

यावर कोणी म्हणेल, अशा जपणुकीनें खरें बोलणेंच राहून जाईल. तसें नव्हे. अंत्युखियांत परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसणारा पेत्र, यरुशलेमेकडील लोक येतांच मागें सरला, तेव्हां पौलानें सर्वांसमक्ष त्याला त्याचा दोष दाखविला. तेथें दोषच उघड्यावर घडला होता आणि त्यापायीं इतरहि वाट चुकत होते. बेरजेची चूक त्या जातीची नव्हती.

ऐकणें हें सांगण्याहून कठीण. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. भेटीस आलेल्या इथ्रोनें, त्याच्या सासऱ्यानें, हें एकच दिवस पाहिलें, असें कां करतोस म्हणून विचारलें, आणि मग स्पष्ट सांगितलें कीं, अशानें तूंहि थकशील आणि हे लोकहि. एवढ्यावर न थांबतां, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसें नेमण्याचा उपायहि त्यानें सुचविला. इथ्रो मिद्यानी, म्हणजे परका. प्रत्यक्ष देवाशीं बोलणाऱ्या मोशेला त्याचें म्हणणें सहज झिडकारतां आलें असतें. पण त्यानें तें ऐकलें आणि तसेंच केलें. बेनेडिक्टहि सांगतो कीं, मठांत आलेल्या पाहुण्यानें नम्रपणें व सयुक्तिक दोष दाखविला, तर देवानें त्यास याचसाठीं धाडलें असेल काय, याचा मठाधिपतीनें विचार करावा.

आमच्या कारभारांत असा पाहुणा आलाच नसेल असें नाहीं. त्याला बोलावयास धीर झाला नसेल. ज्याच्यापुढें हाताखालचीं माणसें गप्प असतात, त्यानें स्वतःस निर्दोष समजण्याची घाई करूं नये.

त्या कारकुनाची आम्हीं पुढें क्षमा मागितली, ती खोलीचें दार लावून. त्यानें ती मोठ्या मनानें केली. मागाहून वाटलें, दोष चारचौघांत दाखविला होता, तर क्षमाहि चारचौघांतच मागावयास हवी होती.