नऊ धावांचे देणे

दिवाळीचा फराळ संपत आला, चिवड्याच्या डब्यात तळाशी मिठाचा चुरा तेवढा उरला, की आमच्या सुप्याला क्रिकेटचे भरते येते. गावाबाहेरच्या माळावर चुन्याने हद्द आखली जाते, टेनिसच्या चेंडूचे सामने सुरू होतात आणि दूर पठारावरच्या पवनचक्क्या तटस्थ प्रेक्षकांसारख्या संथपणे हात फिरवीत उभ्या असतात. मी मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस. बॅट मला जन्मात कधी धड धरता आली नाही. पण अक्षर बरे, म्हणून धावांची वही गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी या वहीने मला पेचात टाकले. अंतिम सामना, आठ षटकांचा डाव. अंतिम सामन्यात ५० धावा करील त्याला एका गावकऱ्याने रोख बक्षीस जाहीर केले होते. वाडीवरचा एक पोरगा, माझाच जुना विद्यार्थी, त्या दिवशी असा काही खेळला की म्हातारी माणसेसुद्धा उठून उभी राहिली. डाव संपला तेव्हा तो ४९ वर नाबाद होता. तिसऱ्या षटकात एक चेंडू त्याच्या पायाला लागून गेला होता. पंचाने तशी खूण केली आणि पळून काढलेली ती एक धाव मी अवांतर म्हणून मांडली होती. सामना तर त्याच्या संघाने जिंकला. पण बक्षीस त्या एका धावेवर अडले. एक कार्यकर्ते माझ्या कानाशी लागले, "गुरुजी, ती अवांतर त्याच्या नावावर टाका की. बेरीज तीच राहते. कुणाचं काय जातं?"

मी वही मिटली. पोराने एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही. खरेच, कुणाचे काय जात होते?

अशा वेळी मला भाऊसाहेब निंबाळकर आठवतात. कोल्हापूरचा हा फलंदाज १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला, पूना क्लबच्या मैदानावर, महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध रणजी करंडकाचा सामना खेळत होता. काठेवाडच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या आणि त्यांतल्या ४४३ एकट्या निंबाळकरांच्या होत्या. भांडारकरांबरोबर त्यांनी ४५५ धावांची भागी केली. डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम १९३० पासून उभा होता. तो ओलांडायला आणखी फक्त १० धावा हव्या होत्या, बरोबरीला ९. आणि तेवढ्यात, विश्रांतीच्या वेळी, काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला! ज्यांच्या गोलंदाजीवर जागतिक विक्रम झाला ते लोक म्हणून आपले नाव पुस्तकात राहू नये, असे त्यांच्या मनात होते म्हणतात. निंबाळकर नाबाद राहिले ते कायमचेच. भारतासाठी अधिकृत कसोटी सामना त्यांना कधी खेळायला मिळाला नाही.

ही गोष्ट ऐकली की आपण सारे ठाकूरसाहेबांवर दात खातो. मीही खात असे. पण त्या रात्री मला प्रथमच दुसरी बाजू दिसली. ५८८ धावांची आघाडी झाल्यावर सामन्यात निकाल म्हणून काय उरले होते? उरला होता तो एक आकडा. त्या आकड्यासाठी अकरा माणसांनी उन्हात आणखी धावावे, असे त्यांचे निंबाळकरांना काही देणे होते का? मला वाटते, नव्हते. पण ते देता आले असते. घामही त्यांचा होता आणि अपमानही त्यांचाच. तो आणखी घटकाभर सोसणे हे त्यांच्या हातचे दान होते. ते त्यांनी केले नाही. त्यांना कृपण म्हणावे, अन्यायी म्हणू नये.

आणि असे दान केलेली माणसेही याच खेळात सापडतात. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘रेस्ट’ संघ १३३ धावांत गडगडला. दुसऱ्या डावात त्यांनी ३८७ केल्या, त्यांत आपल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांच्या ३०९! पण मला त्या डावातला दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो. हजाऱ्यांनी एका भागीत ३०० धावा जोडल्या. समोर उभा होता त्यांचा भाऊ विवेक, आणि त्या ३०० मध्ये त्याच्या धावा २१. तो टिकला नसता तर ३०९ कुठून येत्या? एवढे करूनही त्यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. मग ते ३०९ वाया गेले का? असे कुणी म्हणत नाही.

आकडा आणि फळ यांची अशी फारकत आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत बेसबॉल खेळतात. तो आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊच म्हणाना. हंगामाच्या अखेरीस तिथे ‘वर्ल्ड सीरीज’ ही अजिंक्यपदाची मालिका होते. ज्याने आधी चार सामने जिंकले तो अजिंक्य. १९६० साली न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्या मालिकेत एकूण ५५ धावा केल्या, पिट्सबर्गने २७. आणि मालिका जिंकली पिट्सबर्गने, चार सामने विरुद्ध तीन! सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र हरलेल्या यांकीजच्या बॉबी रिचर्डसनला मिळाला. त्याआधी चारच वर्षे, १९५६ साली, डॉन लार्सन नावाच्या गोलंदाजाने याच मालिकेतल्या एका सामन्यात समोर आलेल्या २७ च्या २७ फलंदाजांना बाद केले, एकालाही पहिल्या थांब्यापर्यंत पोचू दिले नाही. हा लार्सन कुणी मोठा धुरंधर नव्हे. साऱ्या कारकिर्दीत त्याच्या नावावर ८१ विजय आणि ९१ पराजय आहेत. तिथे कुणी असे म्हटले नाही की, हा मान थोरामोठ्यांना शोभला असता, तेव्हा नाव बदलून टाकू या. वहीत जे घडले ते राहिले, म्हणून तर आजही त्याचे नवल वाटते.

एवढा फेरफटका मारून मी आपल्या माळावर परत आलो, तेव्हा मनातला गुंता थोडा सुटला. ठाकूरसाहेबांना नऊ-दहा धावा देता येत होत्या, कारण त्या त्यांच्या घामातून जायच्या होत्या. विवेक हजाऱ्याने आपला वेळ आणि आपली हौस भावाला दिली, कारण ती त्याची होती. माझ्याजवळची ती एक धाव माझी नव्हती. ती पंचाने पाहिलेल्या गोष्टीची नोंद होती. दुसऱ्याच्या पैशाने दानशूर होण्यात पुण्य नसते. वही मिटली ते बरोबरच केले.

पण मग झोप का लागली नाही? याचे उत्तर मला फार उशिरा सापडले. त्या पोराला देण्यासारखे माझे स्वतःचे असे पुष्कळ काही होते. बक्षिसाची रक्कम माझ्या निवृत्तिवेतनाला जड नव्हती. तेही राहू द्या. उठून त्याच्या पाठीवर हात ठेवायला आणि "असा डाव मी या माळावर पाहिला नव्हता" एवढे म्हणायला काय लागत होते? खरे बोललो, या समाधानात मी देण्याचे विसरून गेलो. न्याय केला की दानातून सुटका होते, असे मी धरून चाललो होतो. राजकोटच्या ठाकूरसाहेबांना इतकी वर्षे नावे ठेवली आणि वेळ आली तेव्हा मीही त्यांच्यासारखाच तंबूत निघून गेलो!

यंदा वसुबारसेच्या दिवशी संध्याकाळी तो पोरगा दारात उभा. हात चुन्याने पांढरे झालेले. माळावर हद्द आखून आला होता. म्हणाला, "गुरुजी, यंदाबी वही तुमच्याकडंच ना?"

मी म्हटले, "अरे, आधी आत ये. फराळ करून जा."