पाचट पेटवायचे आणि बुरशी विकत आणायची

करवीर, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात ऊस तुटून गेला की अनेक फडांना काडी लागते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट दुपारभरात राख होते. पुढे त्याच रानात भुईमूग किंवा सोयाबीन घ्यायचे ठरले, की तोच शेतकरी कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पिशवी आणतो. हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो.

ट्रायकोडर्मा काम करते, याबद्दल शंका नको. खोडकूज लागलेले भुईमुगाचे झाड उपटून पाहा. जमिनीलगत बुंध्याला पांढरे तंतू आणि त्यांत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतील. ही स्क्लेरोशियम बुरशीची बेगमी. पीक निघाले तरी ती मातीत टिकून राहते. ट्रायकोडर्माचे तंतू अशा रोगकारक बुरशीला विळखा घालतात, विकरे सोडून तिच्या पेशीभित्तिका विरघळवतात आणि आतला ऐवज खातात. रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीवर ती अशी जगते, हे वाइंडलिंग या संशोधकाने १९३२ साली दाखवून दिले. शिवाय ती मुळाभोवतीची जागा आधीच अडवून बसते. म्हणून तर किलोभर बियाण्याला पाच ग्रॅम चोळायचे ते पेरणीआधी. झाड कोलमडल्यावर बुंध्याशी पिशवी रिकामी करून काही हाती लागत नाही.

पण शत्रूला खाणे हा तिचा जोडधंदा. पोट भरते ते कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि सुती कापड कुजू लागले. त्या कापडावर सापडलेली ट्रायकोडर्मा रीसी आज सेल्युलोज मोडणाऱ्या विकरांसाठी कारखान्यांत वाढवली जाते. ज्या कुळाला तंबू पचला, त्याला पाचट काय जड? आणि आपण नेमके तेच जाळतो.

पाचट ठेवणाऱ्याच्या अडचणी खोट्या नाहीत. पाटाचे पाणी सरकत नाही, बुडखे झाकले गेले तर खोडव्याचे फुटवे मार खातात, उंदीर माजतात, मजूर मिळत नाही. तरीही बुडखे मोकळे करून पाचट सरीत दाबायचे, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कंपोस्ट संवर्धक टाकायचे, ही शिफारस जुनीच आहे. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर तर नांगरटच नको, पिकाचे अवशेष जमिनीतच कुजू द्या, असे सांगत आले आहेत. त्यांचे सगळे पटो न पटो, मातीतल्या जिवांना आधी खायला हवे, हा मुद्दा खोडून काढता येत नाही.

दुसरा घोळ पिशवीचा. हा माल जिवंत असतो. ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत घटक हवेत, असे मानक आहे. पण मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडलेल्या पिशवीत किती उरतात? त्यात एकाच बादलीत कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा कालवणारेही आहेत. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे. आपली बुरशी कोणती आणि परकी कोणती, हे त्याला कसे कळणार?

साखर कारखान्यांकडे प्रयोगशाळा आहेत, शेतकी खाती आहेत. सभासदांना जैविक निविष्ठा वाटण्याआधी प्रत्येक खेपेतली जिवंत संख्या तपासून ती फलकावर लावावी आणि पाचट कुट्टीची यंत्रे वेळेवर बांधापर्यंत पोचवावीत. शेतकऱ्याने येत्या हंगामात निदान एका एकराला काडी लावू नये. पिशवी त्यानंतर घ्यावी.