एक मासा आणि एका माणसाचे नाव



अमेरिकेत टेनेसी आणि केंटकी या दोन राज्यांच्या सीमेवर डेल हॉलो नावाचा एक मोठा जलाशय आहे. तेथील लष्कराच्या अभियंता विभागाने ओबी नदीवर बांधलेले धरण 1943 साली पूर्ण झाले आणि डोंगरांमधल्या दऱ्या पाण्याने भरून गेल्या. विलो ग्रोव्ह नावाचे गाव त्या पाण्याखाली गेले. जलाशय काही ठिकाणी शंभर फुटांहूनही खोल आहे. पण पाणी इतके नितळ आहे, की पाणबुडे खाली उतरून त्या गावच्या शाळेचा पाया पाहून येतात.

आपल्याकडे मासेमारी म्हणजे पोटापाण्याचा धंदा. तिकडे ती सुट्टीतली हौसही आहे. डेल हॉलोवर लोक येतात ते मुख्यतः ‘स्मॉलमाउथ बास’ या माशासाठी. उन्हाळ्यात हा मासा गळाला लागणे सोपे नसते. वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच राहते; थंड, जड पाणी खाली राहते. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो, तिथे थोड्याशाच खोलीत पाणी एकदम गार होत जाते. या माशाला गारवा आवडतो, म्हणून तो दिवसा खोल उतरतो. शिवाय पाणी नितळ असल्यामुळे उजेड खोलवर जातो आणि माशाला गळाची दोरीही दिसते. म्हणून जाणकार मंडळी बारीक दोरी वापरतात आणि पुष्कळदा रात्रीच होडी काढतात. पाणी स्वच्छ आहे म्हणून आपल्याला सगळे दिसेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपल्याला मासा दिसत नाही, माशाला मात्र आपण दिसतो!

याच जलाशयावर 9 जुलै 1955 रोजी केंटकी राज्यातील डेव्हिड हेज नावाचे गृहस्थ पत्नी आणि मुलासह होडीतून गेले होते. संथ चालणाऱ्या होडीच्या मागे त्यांनी खोट्या माशाचे आमिष सोडले होते. त्याला जो मासा लागला त्याची लांबी 27 इंच आणि वजन 11 पौंड 15 औंस, म्हणजे सुमारे 5.4 किलो भरले. या जातीचा एवढा मोठा मासा जगात कोणी गळाने पकडल्याची नोंद नव्हती. हेज यांचे नाव विक्रमांच्या यादीत गेले.

पण त्याच वर्षी तिथल्या धक्क्यावरच्या एका कामगाराने शपथपत्र लिहून दिले, की वजन वाढावे म्हणून आपण त्या माशाच्या पोटात धातूचे तुकडे घातले होते. तो कागद सरकारी दप्तरात पडून राहिला. सुमारे चाळीस वर्षांनी तो बाहेर आला आणि 1996 साली विक्रम रद्द झाला. पुढे सगळ्या पुराव्यांची नव्याने छाननी झाली. शपथपत्रावर विसंबता येणार नाही असे ठरले आणि 2005 साली विक्रम पुन्हा हेज यांच्या नावे लावण्यात आला. मासा पकडल्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. त्या कामगाराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याची बाजू मांडायला तो इथे नाही.

बंधुभगिनींनो, 1996 ते 2005 या नऊ वर्षांत हेज यांच्या शेजाऱ्याने त्यांच्याविषयी काय समजायला हवे होते? माशाचे पोट पुन्हा फाडून पाहणे शक्य नव्हते. एका बाजूला माणसाचा शब्द, दुसऱ्या बाजूला एक कागद. आणि हेही लक्षात घ्या, की त्या कागदात कामगाराने स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट सांगितली होती. पण लोकांच्या मनात संशय जातो तो ज्याचा फायदा झाला त्याच्याकडे. कागद म्हणतो ‘मी केले’ आणि ऐकणारा म्हणतो ‘म्हणजे त्यानेच करायला लावले असणार’!

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात नेमका हा प्रश्न घेतला आहे: शंका असेल तेव्हा दुसऱ्याविषयी चांगलेच समजावे काय? त्यांचे उत्तर ‘होय’ असे आहे. त्यामागचे कारण मला फार मोलाचे वाटते. ते वस्तूविषयीचा निर्णय आणि माणसाविषयीचा निर्णय यांत फरक करतात. वस्तूविषयी आपण चुकलो, तर वस्तूचे काही बिघडत नाही. माशाचे वजन चुकीचे लिहिले म्हणून माशाला दुःख होत नाही. माणसाविषयी चुकलो, तर त्या माणसावर अन्याय होतो. म्हणून वाईट माणसाला चांगले समजून आपण पुष्कळदा फसलो तरी चालेल. चांगल्या माणसाला वाईट समजण्याची चूक, ती क्वचित घडली तरी, अधिक जड आहे.

म्हणजे विक्रमांची वही ठेवणाऱ्यांनी शंका आल्यावर नोंद बाजूला ठेवली, तर त्यांना फारसा दोष देता येणार नाही. ती माशाची नोंद होती. पण ‘नोंद रद्द झाली’ इथून ‘हा माणूस लबाड आहे’ इथपर्यंत जी उडी आपण मारतो, ती उडी आपली असते. कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये (क्रमांक 2477) याला उतावीळ निर्णय म्हटले आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा धरणे हेही पापच आहे, मग तोंडातून शब्द निघो वा न निघो. आठवी आज्ञा आपण न्यायालयातल्या खोट्या साक्षीपुरती समजतो. ती मनातही लागू आहे.

इथे कोणी मला अडवील आणि विचारील, ‘फादर, चांगलेच समजायचे म्हणून कोणाची तक्रारच ऐकायची नाही काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्याचा हक्क आज सर्वांना आहे. जगात अनेक ठिकाणी चर्चमधल्या प्रतिष्ठितांविषयी चांगले समजण्याच्या नावाखाली पीडितांना गप्प बसवले गेले. ते संत थॉमस यांच्या शिकवणीचे पालन नव्हते. तक्रार करणाऱ्यालाही नाव असते. त्याला न विचारता खोटारडा ठरवणे हाही उतावीळ निर्णयच.

दानिएलच्या ग्रंथातली सुसान्ना आठवा. तिच्यावर आळ घेणारे दोघे वडीलधारे होते, न्यायाधीश होते. लोकांनी त्यांच्या प्रतिष्ठेकडे पाहून तिला दोषी धरले. तरुण दानिएलने काय केले? त्याने दोघांना वेगवेगळे करून एकच साधा प्रश्न विचारला: हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघांनी दोन वेगळ्या झाडांची नावे सांगितली. म्हणजे चांगले समजणे आणि चौकशी करणे यांत विरोध नाही. नावाची खरी काळजी असेल, तर आपण विचारतो. नाव स्वस्त वाटते, तेव्हाच आपण न विचारता ठरवून मोकळे होतो.

हे मी तुम्हांला उपदेश म्हणून सांगत असलो तरी माझी स्वतःची जागा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. पूर्वी एका धर्मग्रामात असताना सणाच्या हिशेबाविषयी माझ्याकडे एक निनावी चिठ्ठी आली. हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांना मी काही विचारले नाही. पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्याकडे दिले, एवढेच. मला वाटले, मी किती सौम्यपणे वागलो! गावाने मात्र काय समजायचे ते समजून घेतले. काही महिन्यांनी वह्या तपासल्या, तर पैसा न् पैसा बरोबर होता. मी त्यांच्या घरी गेलो, ओटीवर बसून माफी मागितली. त्यांनी चहा दिला. मला निरोप देताना ते हळूच म्हणाले, “फादर, काढलंत ते सगळ्यांसमोर.”

पुढचे वाक्य त्यांनी बोलून दाखवले नाही. पण त्यानंतरच्या रविवारी मिस्साच्या शेवटी मी ते वेदीसमोर उभा राहून पूर्ण केले. एवढे सोपे काम, आणि माझे पाय कापत होते.

नाव आवारात काढून घ्यायचे आणि परत मात्र कानात द्यायचे, ही आपली रीत आहे. कॅटेकिझम (क्रमांक 2487) सांगतो, की सत्य आणि न्यायाविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा झाली तरी भरपाईचे कर्तव्य उरते. पापनिवेदनात देव क्षमा करतो. शेजाऱ्याचे नाव मात्र आपल्यालाच परत नेऊन द्यावे लागते, आणि जिथून उचलले तिथेच. डेव्हिड हेज यांचे नाव ज्या यादीतून खोडले, त्याच यादीत ते पुन्हा लिहिले गेले. उशीर झाला, पण जागा बरोबर होती.

या आठवड्यात दोन गोष्टी करू या. ज्याच्याविषयी आपण न विचारता काही ठरवून टाकले आहे, अशा एका व्यक्तीकडे जाऊन सरळ विचारू या. आणि ज्याच्याविषयी आपण चारचौघांत बोललो आणि चुकलो, त्याच्याविषयी त्याच चारचौघांत पुन्हा बोलू या. पहिल्या कामाला थोडे धैर्य लागते; दुसऱ्याला पुष्कळ. ते आपणां सर्वांना प्रभू येशूकडून लाभो, हीच प्रार्थना.

आपला,
धर्मगुरू