प्रगतिपुस्तक कुणाचं?

बे एरियातल्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, एका बाईंनी आवाज खाली आणून मला विचारलं, "कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट दाखवायलाच लागतं का हो? शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर तो 'सी' दिसतच नाहीये."

मुलगा अकरावीत. शाळा सांभाळून कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस घेतलं, म्हणजे ड्युअल एन्रोलमेंट. त्याची ग्रेड शाळेच्या कागदावर कशी उतरेल ते शाळेशाळेवर असतं. कुठे जीपीएत धरतात, कुठे नुसतं क्रेडिट लिहितात. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मात्र स्वतंत्र आणि कायमचं. विषय मुदतीनंतर सोडला तर तिथे 'डब्ल्यू' उमटतो, तोही राहतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात असे विषय ग्रेडसकट भरावेच लागतात. पुढे मेडिकलला जायचं ठरलं, तर तिथली केंद्रीय अर्जव्यवस्था शाळेत असताना घेतलेल्या कॉलेज-विषयांचीही ट्रान्सक्रिप्ट मागते आणि त्या ग्रेड हिशेबात धरते. पंधराव्या वर्षीचा 'सी' बाविसाव्या वर्षी पुन्हा भेटतो.

तेव्हा बाईंना उत्तर सरळ होतं : दाखवायलाच लागतं. पण पकडलं जाईल म्हणून खरं बोला, हा काही उपदेश नव्हे. ती हिशेबी सावधगिरी झाली. मला खटकलं ते वेगळंच. तो विषय मुळात घेतला कुणी?

याच युनिव्हर्सिटीच्या जीपीएत पात्र कॉलेज-विषयातल्या 'ए'ला 4 ऐवजी 5 गुण धरतात. हे आपल्या मंडळींना मुलाच्या आवडीनिवडीच्या आधी कळतं. मग सोपा प्राध्यापक कोण, याची व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी सुरू होते. शाळेत असतानाच कॉलेजात शिकण्याची ही वाट मिनेसोटाने 1985 साली पहिल्यांदा राज्यभर खुली केली. कॅलिफोर्नियाने 2015 साली शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांच्या करारांसाठी कायदा केला, तो कॉलेजपर्यंत सहसा न पोचणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून. ज्याच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्याच्यासाठी मांडलेल्या पाटावर आपण, दोन-दोन पदव्यांची माणसं, मुलाला बसवतो. आणि 'सी' आला की ताट लपवू पाहतो.

हे आपल्या हाडात आहे. गावाकडे प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही लागायची, म्हणून गुणही वडिलांचेच वाटायचे. कमी पडले की अब्रू त्यांची जायची. (आठवीत मी स्वतःच सही ठोकली होती. माराची आठवण अजून ताजी आहे, गणिताची नाही.) अमेरिकेतला 1974 चा कायदा याच्या उलट सांगतो. विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला की वय कितीही कमी असो, कॉलेजातल्या त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. मूल करासाठी अवलंबून असलं तर कॉलेज पालकांना माहिती देऊ शकतं, पण द्यायला बांधील नाही. या कायद्याचा आपल्याला राग येतो. मला तो शहाणपणाचा वाटतो. विषय मुलाने निवडावा, झेपत नसेल तर मुदतीत त्याने सोडावा, 'सी' आलाच तर अर्जात तो त्याने लिहावा, आणि कारण सांगावंसं वाटलं तर त्याच्या शब्दांत सांगावं.

एवढं सगळं रांगेत बोलता आलं नाही. मी फक्त म्हटलं, "त्यालाच विचारा ना, काय करायचंय."

"त्याला कशाला?" बाई म्हणाल्या. "पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडेच आहे."