ओवी कुणाला ऐकवायची

बारावीच्या गुणपत्रिकेवर शालनचं माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा ऑनलाइन अर्ज तिथेच अडला. पौडच्या ई-सेवा केंद्रातल्या मुलानं दूरशिक्षणाच्या प्रवेशाला लागणारा डीईबी आयडी काढून दिला, फोटो हव्या तेवढ्या केबीत बसवला, ओटीपीही वेळेत आला. पण दोन नावांची बाई एकच आहे हे पटवायला विवाह नोंदणीचा दाखला लागला. अंगणवाडी सांभाळून शिकणाऱ्या बाईला यातला एकेक हेलपाटा रजा टाकून मारावा लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची ही अडवणूक थांबलीच पाहिजे.

प्रवेश झाला. विषय समाजशास्त्र. पहिल्याच गृहपाठात एक लोकगीत समाजाचा पुरावा म्हणून वाचायचं होतं. शालननं जात्यावरची ओवी निवडली, कारण तिच्याच मुळशीच्या डोंगरातल्या बायकांकडून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ओव्या टिपून घेतल्या होत्या. पुढे हा साठा महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर गेला. त्यातल्या कितीतरी आज मोबाइलवर ऐकता येतात. तिची ओवी भावाची होती. भाऊ घोड्यावरून बहिणीच्या गावात येतो, सारी आळी बघत राहते. शालननं मार्गदर्शकातून उतरवलं: बंधुप्रेमाचा उत्कट आविष्कार, अतिशयोक्ती अलंकार.

अभ्यासकेंद्रातल्या समंत्रक बाईंनी समासात लिहिलं, ‘अलंकार बरोबर. पण ही ओवी कोण, कुठे बसून, कुणाला ऐकवतेय?’

मार्गदर्शकात याचं उत्तर नव्हतं. रात्री शालननं ती ओवी मोबाइलवर पुन्हा लावली. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. पहिली ओळ संपायच्या आत त्यांनी दुसरी उचलली, आणि सुपावरचा हात आपोआप गोल फिरू लागला.

“आत्याबाई, तुमचा भाऊ घोड्यावरून यायचा?”

“घोडा कुठला? त्याच्या पायात वहाण नव्हती.”

“मग असं का गायचात?”

“आगं, जातं पहाटं फिरायचं. भिंतीपल्याड सासू निजलेली. जागीच असायची ती. हिच्या मागं कुणी हाय, हे तिला कळाया नको? भाऊ घोड्यावर आला म्हटलं की दिसभर जरा तोंड आवरायची.”

शालननं वही ओढली. अलंकाराचं नाव ठाऊक असूनही त्याचं काम तिला ठाऊक नव्हतं. ओवीतला घोडा भिंतीपलीकडे ऐकू जावा म्हणूनच मोठा केलेला होता.

“आणि भाऊ आलाच नाही कधी?”

“आला की. फारमहौसवाले जमिनी घ्यायला लागले तवा आला. लुगडं नेसवलं, जेवू घातलं, आन् कागदावर अंगठा घेतला.”

हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. कायदा झाला, तरी गावोगाव बहिणी निबंधकाच्या कचेरीत जाऊन तो वाटा सोडून देतात, आणि वर आम्ही राजीखुशीनं दिला म्हणतात.

“वाईट नाही वाटलं?”

“वाईट वाटून काय करू? भाऊ तुटला असता तर मागं कोण ऱ्हायलं असतं?”

शालननं गृहपाठ फाडून नव्यानं लिहिला. ज्या भीतीपोटी पहाटे भावाची थोरवी गायली जाते, तीच भीती पुढे अंगठा उठवते. ओवी आणि हक्कसोडपत्र एकाच बाईच्या तोंडून आणि हातून आलेले दोन पुरावे आहेत, असं तिनं मांडलं. आत्याबाईंचे शब्द होते तसेच घातले. बोली सुधारली नाही, हे तिनं फार चांगलं केलं. खाली सांगणाऱ्या बाईचं नाव, वय, गाव लिहिलं.

भाताची कापणी उरकल्यावर दादाचा फोन आला. सोमवारी सहीला यायचं, वकिलानं कागद तयार ठेवलाय.

“येते,” शालन म्हणाली. “आधी मसुदा आणि सातबारा मोबाइलवर पाठव. वाचून मग ठरवते.”

“त्यात वाचायचं काय? घरचाच तर कागद.”

“माझं नाव आहे ना त्यात? पाठव. आणि दिवाळीला वहिनीला घेऊन ये, जेवायलाच या.”

तिनं फोन ठेवला. आत्याबाई चुलीपुढून वळल्या.

“किती गुंठं हायती?”

“तेच बघायचंय. चष्मा आणा तुमचा, दोघी बसू.”