वहिनी नावाची आजी

हिंदीत दादी वेगळी, नानी वेगळी. मराठीत वडिलांची आई आणि आईची आई, दोघीही आजीच. मग कोणती आजी हे सांगायला मुलं गाव जोडतात: साताऱ्याची आजी, चिपळूणची आजी. साताऱ्याचं घर विकून आजी ठाण्याला लेकाकडे राहायला आली तरी ती साताऱ्याचीच राहते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतले शापाय-शामाय, म्हणजे आजोबा-आजी, मात्र ऐकताक्षणी कानात बसतात.

मला जास्त कुतूहल आहे ते आजीला आजी न म्हणणाऱ्या घरांचं. आमचं तसंच होतं. माझ्या आजीला सगळे वहिनी म्हणत. ती थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हा धाकटे दीर अजून शाळेत जात होते. त्यांची ती वहिनी. तिची मुलं बोलायला लागली ती हीच हाक ऐकत, म्हणून त्यांचीही आई वहिनीच झाली. वडिलांचं ऐकून आम्ही नातवंडंही तेच म्हणू लागलो. वाड्यात नवीन आलेली मुलं गोंधळून विचारायची, ‘एवढी म्हातारी तुझी वहिनी कशी?’ आजोबा तिला ‘अगं’ म्हणत. लग्नात तबकातल्या तांदळांवर लिहिलेलं तिचं नाव पुढे रेशनकार्डापुरतंच उरलं. माहेरची बहीण यायची, तीही ‘अक्का’च म्हणायची.

अशा नावांना आपण लाडाची नावं म्हणतो. मला त्यांत लाडापेक्षा घराची हजेरी जास्त दिसते. कोण आधी आलं, कोण कोणाचं ऐकून बोलायला शिकलं, हे सगळं त्यात असतं. वहिनी हे नाव ज्यांनी आणलं ते दीर पुढे नोकरीनिमित्त पांगले, काही गेलेही. हाक घरात राहिली.

कधीकधी ती घराबाहेरही पडते. बाळाजी बाजीराव आपल्याला नानासाहेब म्हणून ठाऊक, रघुनाथराव दादासाहेब म्हणून. 1761 च्या पानिपतावरची बखरसुद्धा ‘भाऊसाहेबांची’. आणि इरावती कर्वे! भारतातल्या नातेव्यवस्थेवर ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा मोठा ग्रंथ त्यांनी 1953 मध्ये लिहिला, पण स्वतःच्या घरात मुलं त्यांना सरळ ‘इरू’ म्हणत. नात ऊर्मिला देशपांडे यांनी सहलेखकासोबत लिहिलेलं त्यांचं चरित्र 2024 मध्ये आलं, त्याचंही नाव ‘इरू’च.

आता चौघांच्या घरात दीर-नणंदांचा गोतावळा नसतो, त्यामुळे नाव आपोआप पडत नाही, ठरवावं लागतं. ओळखीतल्या एका बाईंनी नात व्हायच्या आधीच जाहीर केलं, ‘मला आजी म्हणायचं नाही, आज्जू म्हणायचं.’ विहीणबाईंनाही नेमकं तेच हवं होतं. थोडी धुसफूस झाली. अखेर विहीणबाई ‘नानी’वर राजी झाल्या, तेही मराठी घरात! मला आधी हसू आलं. मग वाटलं, काय हरकत आहे? आमच्या वहिनीला तर कोणी विचारलंही नव्हतं.

बाळाला महिनोन्‌महिने ‘आज्जू, आज्जू’ पढवून झालं. नात आता बोलायला लागली आहे आणि आजीला खणखणीत हाक मारते, ‘अगं!’ आजोबा दिवसभर तेच तर म्हणत असतात.