खुल्याला नवऱ्याची सही कशाला?

तलाकचा विषय निघाला की चर्चा नवऱ्याच्या अधिकारापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्या अधिकाराला लगाम घालण्यात छत्रपती संभाजीनगरचा वाटा मोठा आहे. इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, दगडू पठाण खटल्यात, मे 2002 मध्ये पूर्णपीठाने निकाल दिला. बायको पोटगी मागायला आली की ‘मी हिला आधीच तलाक दिलाय’ असं कोर्टातल्या लेखी उत्तरात लिहून टाकलं, म्हणजे तलाक होत नाही. त्याला सबळ कारण हवं, त्याआधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा आणि हे सगळं पुराव्यानिशी सिद्ध करायला हवं. याच मुद्द्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा शमीम आरा निकाल त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आला, आणि एका दमातला तिहेरी तलाक रद्द व्हायला 2017 साल उजाडलं. पण नवऱ्याला अडवणं वेगळं आणि बायकोला सुटण्याची वाट देणं वेगळं. हे दुसरं काम अजून अर्धवट आहे.

ती वाट म्हणजे खुला, बायकोने मागून घेतलेला तलाक. 1937 च्या शरियत कायद्यात त्याचा नावानिशी उल्लेख आहे. तरी व्यवहारात बाईला सांगितलं जातं, नवऱ्याची सही आणा. मग सहीचा भाव ठरतो : मेहर माफ, इद्दतचा, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षाकाळाचा, खर्च माफ, पोटगीचा दावा मागे. हनफी परंपरेत नवऱ्याची संमती लागते, हे खरं. पण मुळाकडे गेलं तर काय दिसतं? सूरह बकराच्या 229 व्या आयतीत बाईने काही परत देऊन मोकळं होण्याची मुभा आहे. हदीसमध्ये साबित बिन कैस यांची पत्नी पैगंबरांकडे येते. नवऱ्याच्या वागण्याबद्दल किंवा दीनाबद्दल तिची तक्रार नाही. तिला फक्त त्याच्यासोबत राहायचं नाही. मेहर म्हणून मिळालेली बाग परत करशील का, एवढंच तिला विचारलं जातं, आणि साबितना बाग घेऊन तलाक द्यायला सांगितलं जातं. तो हुकूम नव्हता, सल्ला होता, असं काही फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, म्हणतात. मात्र पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये, इजिप्तने 2000 च्या कायद्याने आणि केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये संमतीची अट मानली नाही. म्हणजे हा विचार बाहेरून लादलेला नाही.

1939 चा विवाहविच्छेद कायदा आहेच की, असं कुणी म्हणेल. त्या कायद्याचं मोल मी कमी लेखत नाही. हनफी बायकांना नको असलेल्या लग्नातून सुटायला धर्म सोडावा लागत होता, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या उलेमांनीच मालिकी या दुसऱ्या परंपरेच्या मताचा आधार घेऊन हा रस्ता काढला. पण तिथे नवऱ्याचा दोष शाबीत करावा लागतो : चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च दिला नाही, छळ केला. चार भिंतींआडच्या छळाला साक्षीदार कुठून आणायचा? आणि दोष नसला, नुसतं पटत नसलं, तर काय? बायकांना मोकळीक दिली तर घरं मोडतील, हा आक्षेप तर टिकतच नाही. खुला मागणारी मेहर सोडून जाते. पदरचं देऊन बाहेर पडणारी बाई उतावीळ नसते.

केरळचा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही. म्हणून नवऱ्याला नोटीस, समेटाचा एक खरा प्रयत्न आणि मग बाईच्या शब्दावर खुल्याची नोंद, अशी रीत इथल्या कौटुंबिक न्यायालयांत स्पष्टपणे यायला हवी. तोवर एक गोष्ट आजच हातात आहे. निकाहनाम्यात तलाक-ए-तफवीजचं कलम घालता येतं, त्याने तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवला जातो, आणि शरियतला ते मंजूर आहे. मुलीचा निकाह ठरवणाऱ्या आईबापांनी मेहरच्या आकड्यावर बोलताना हे कलमही लिहून घ्यावं.